स्टेकबरोबर कोणती वाईन? आधी ती बाटली फडताळातून काढा!

नमस्कार मंडळी. आधी एक काम करून घेतो, मग बोलू. ही रेड वाईनची बाटली कालपासून आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात उभी होती, गॅसपासून दोन हातांवर. आणि हा मटणात खुपसायचा थर्मामीटर. घोटभर ग्लासात ओततो, बुडवतो... बघा. 34. चौतीस डिग्री! ही वाईन नाही, काढा आहे काढा. झाकण लावून बाटली या बादलीत. बर्फ, पाणी, मूठभर मीठ. राहू दे तिथंच.

विषय तुम्हीच काढलाय. तव्यावरच्या स्टेकचा, म्हणजे मांसाच्या जाड कापाचा व्हिडिओ टाकला, त्याच्याखाली निम्म्या लोकांनी विचारलं, "दादा, याच्यासोबत वाईन कोणती?" उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "सोलापुरात स्टेक? काय बे?" होय बे, सोलापुरात. गाईचं आपल्याकडं आधीपासून बंद, बैलाचं 2015 पासून बंद, म्हशीचं चालतं. मी मात्र बोकडाच्या मांडीचा जाड काप घेतो. मटणवाल्याला पहिल्यांदा "दोन बोटं जाड काप, हाडासकट" म्हटलं तर तो म्हणाला, "शिजायचं नाही वो ते, बारीक करून देतो." त्याला पटवायला दोन रविवार गेले.

आता वाईनचं. मूळ गोष्ट पटकन सांगतो, कारण ती सगळेच सांगतात. रेड वाईनमध्ये टॅनिन असतं. द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून येतं. कडक कोरा चहा प्यायल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, ते टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. तोंडात मांस असलं, चरबी असली, की त्याची धार बोथट होते आणि वाईन गोडसर, गोल लागायला लागते. आता नावं घेतो ती सगळी रेड वाईनची. चरबीच्या कापाला कॅबरने सॉव्हिन्यॉन. चरबी कमी असेल तर मर्लो. वरून मिरपूड दाबून लावली असेल तर शिराज. अर्जेंटिनाचे लोक मालबेक पितात, इटलीत फ्लॉरेन्सकडं हाडासकट भाजलेल्या जाड स्टेकबरोबर कियांती घेतात. झालं.

हां, एक राहिलं. कियांती ज्या द्राक्षाची होते ते सांजोवेझे आपल्या जिल्ह्यात लावलेलं आहे. अकलूजकडं, फ्रातेली नावाच्या वायनरीचं. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती वायनरी काढली, त्यातली एक जोडी अकलूजच्या मोहिते-पाटलांची. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात नि मला नाशिकच्या वाईनच्या गोष्टी सांगतात. मी ऐकून घेतो, मग बाटलीवरचा पत्ता वाचायला लावतो.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या व्हिडिओत मी रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवली, तर एका भावानं लिहिलं, "रेड वाईन रूम टेंपरेचरला पितात, एवढंही माहीत नाही?" भावा, कुठल्या रूमच्या? हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा. तळघरातून बाटली वर आणायची नि 16-18 डिग्रीच्या खोलीत जरा ठेवायची, म्हणून रूम टेंपरेचर. तेव्हा त्यांच्या खोलीत हीटर नव्हता, आणि आपल्या खोलीत एप्रिलमध्ये पंखासुद्धा गरम वारा फेकतो. जुळे सोलापूरच्या वरच्या मजल्यावर राहून बघा, मग सांगा रूम टेंपरेचर.

दुसरं असं, की हा नुसता नखरा नाही. वाईन गरम झाली की त्यातलं अल्कोहोल जोरात उडतं. ग्लास नाकाशी नेला की फळाचा वास राहतो बाजूला, स्पिरिटचा भपकारा येतो. माझ्या मेहुण्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला गच्चीवर जेवण होतं. मे महिना. चांगली महागाची बाटली त्यानं दिवसभर गच्चीच्या जिन्यात ठेवली होती, "हवेशीर आहे" म्हणून. संध्याकाळी प्रत्येकानं एकेक घोट घेतला आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सासरे म्हणाले, "खोकल्याचं औषध आहे की काय?" मेहुणा दुकानदाराला शिव्या घालायला लागला. दुकानदाराची काही चूक नव्हती वो. मी बाटली वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात घातली आणि न सांगता परत वाढली. सासऱ्यांनी दुसरा ग्लास मागितला.

तिसरं, हॉटेलात. काउंटरच्या वर, ट्यूबलाइटच्या खाली बाटल्या मांडलेल्या असतात. त्यातलीच टेबलावर येते. मी बर्फाची बादली मागितली तर वेटर माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी बासुंदीत मीठ मागितलं. "सर, रेड आहे ही." माहितेय बाबा, आण तू. मागायला लाजू नका. फक्त बर्फ बादलीत, ग्लासात नाही. ग्लासात टाकला की वाईन पाणचट होते.

आता लगेच कुणीतरी ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवेल. तसंही नको. चार-पाच डिग्रीला वास मिटतो आणि टॅनिन जास्तच तुरट लागतं. फडताळातून काढली तर फ्रीजमध्ये दीड-दोन तास. रात्रभर राहिलीच, तर जेवणाआधी बाहेर काढून ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडं तेवढ्याला फार वेळ लागत नाही.

एका ताईंनी विचारलंय, येसूर मसाला घातलेल्या झणझणीत मटणाबरोबर हीच वाईन चालेल का? ताई, नको. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन पडलं की जीभ आणखी पेटते. मी शिराज घेऊन बघितली आहे, दोन घोटांत घाम फुटला. तिथं थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, नाहीतर जराशी गोडसर शेनिन ब्लाँ, ती व्हाईट वाईन. आणि स्टेकच्या ताटात शेंगाचटणी घेणारे आहेत, मीही घेतो, पण मग ती कडेला. कापावर भुरभुरली की वाईन गेली.

नान्नजकडच्या एका मित्राचा प्रश्न: "आमच्या बागेतल्या द्राक्षाची वाईन होईल का?" सोनाका ही द्राक्षाची जात ज्या गावात नानासाहेब काळ्यांनी काढली, त्या गावाला मी काय शिकवणार! पण ती खायची द्राक्षं. साल पातळ, बी नाही. मघाशी टॅनिन कुठून येतं म्हणालो? सालीतून नि बियांतून. वाईनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांनी भरलेली. खायला घेतलीत तर थुंकतच बसाल. तुमची द्राक्षं खाऊ द्या आम्हाला, नाहीतर बेदाणा करा.

आणि हो, वय 21 पूर्ण, दारूचं परमिट खिशात, गाडी दुसऱ्याच्या हातात. हे कमेंटमध्ये विचारू नका.

बादलीकडं बघू. बाटली पुसतो, घोटभर ओततो... 19. मघाशी 34 होती बरं का. अजून पाच मिनिटं लागतील. तोवर काप तव्यावरून उतरवून झाकून ठेवतो, रस आत मुरू दे. आई विचारतेय, "ती बादली धुणं भिजवायची आहे ना रे?" आई, धुतलीये. दोनदा.