निळी टोपी, व्हाया पुणे

दृश्य – एनडीए, सुदान ब्लॉक, ड्रोनमधून

निळी टोपी म्हणजे यूएनच्या, संयुक्त राष्ट्रांच्या, शांतिसेनेची, आणि तिची गोष्ट पुण्यातूनही सांगता येते. ही खडकवासल्याची एनडीए, लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, आणि हा मधला घुमट म्हणजे सुदान ब्लॉक. पुणेकरांनी फोटोत शंभरदा बघितलेला असतो, पण पुण्यात सुदान कुठून आलं असं विचारलं की बरेच जण गप्प. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. पूर्व आफ्रिकेत इटालियन फौजेला सुदानबाहेर थोपवताना आपले जवान पडले, त्याची जाण ठेवून सुदानने १ लाख पौंड दिले, मग फाळणी झाली, या पैशाचीही वाटणी झाली, आपल्या वाट्याला ७० हजार आले आणि ते या दगडांत लागले. ३० मे १९५९ ला उद्घाटन. आता तेव्हा आपण इंग्रजांच्या झेंड्याखाली होतो हे मान्य, यूएन तर जन्मालाही यायचं होतं, पण परमुलखात आपल्या जवानाचं नाव झालं त्याची पावती पुण्यात उभी आहे, हे सांगायला नको का?

दृश्य – हट ऑफ रिमेम्ब्रन्स, आतून

एनडीएत शिकून गेलेले आणि परत न आलेले, त्यांची ही जागा. त्यातले एक कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया. ५ डिसेंबर १९६१, काँगोतलं एलिझाबेथव्हिल, रस्ता अडवून बसलेले नव्वदच्या आसपास बंडखोर आणि यांच्यासोबत फक्त सोळा गोरखा, तरी खुकऱ्या काढून तुटून पडले. यूएनच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव.

दृश्य – औंध मिलिटरी स्टेशन, सराव

आणि हे औंध. मार्च २०१६ मध्ये इथे १८ देशांच्या तुकड्या आल्या होत्या, अमेरिका, रशिया, चीन, जपान सगळे एकाच मैदानावर, फोर्स एटीन नावाचा, शांतिसेनेच्या कामाचा सराव. आपल्या तुकडीच्या प्रमुख होत्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी, अठरापैकी बाई कमांडर एकच, ती आपली. त्या स्वतः २००६ ला काँगोत यूएनच्या ऑब्झर्व्हर होत्या. (मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला टीव्हीवर आल्या त्या ह्याच.)

आता हा जवान नीट बघा, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधतोय. गुडघ्यावर बसलाय, तोंडावर जाड काच, हातात लांब सळई. सळई उभी खुपसायची नाही, तिरकी, अलगद, बोट बोट अंतरावर, कारण सुरुंग दाब पडला की फुटतो तो वरून, बाजूने नुसती टोकरली तर बहुतेक वेळा वाचतो माणूस. काही लागलं की थांबायचं, हाताने माती बाजूला करायची. साफ झालेल्या बाजूला पांढरी खूण, धोक्याच्या बाजूला लाल. युद्धात रणगाड्यापुरती वाट काढली की काम झालं, शांतिसेनेत तसं चालत नाही, उद्या या शेतात पोरं खेळणार असतात, एकही उरता कामा नये. घाई केलेली इथे कुणालाच परवडत नाही. २०१९ आणि २०२३ ला आफ्रिकेतल्या देशांच्या तुकड्या याच औंधला सरावाला येऊन गेल्या.

दृश्य – निळ्या टोप्या, संचलन

१९९२ ला युगोस्लाव्हियात यूएन फौजेचे पहिले कमांडर होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. लायबेरियात २००७ ला जगातली पहिली फक्त महिलांची पोलिस तुकडी गेली, तीही भारताची. पैशासाठी जातात असं कुणीतरी म्हणतंच. यूएन माणशी महिन्याला साधारण १४०० डॉलर देतं, पण ते सरकारला, आणि तेही कित्येकदा उशिरा.

आजवर आपले २ लाख ९० हजारांवर लोक जाऊन आले, १८० च्या आसपास परत आले नाहीत, कुठल्याही देशापेक्षा जास्त.

दृश्य – सुरक्षा परिषदेचं सभागृह

मोहीम कुठे न्यायची ते इथे ठरतं. कायमच्या खुर्च्या पाच. त्यातल्या अमेरिका आणि रशिया यांचे मोहिमांवर प्रत्येकी शंभर माणसंसुद्धा नसतात, आपली पाच हजारांच्या घरात. तरी आपण आठ वेळा निवडून गेलो ते दोन-दोन वर्षांसाठीच, शेवटची टर्म डिसेंबर २०२२ ला संपली. आता २०२८-२९ साठी भारताने परत उमेदवारी लावलीय, म्हणजे पुन्हा दोनच वर्षं.