समुद्री माशांची टाकी आणि जमिनीवर येणारे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला काच फुटण्याची धास्ती असते. पण पाणी बाहेर येण्याची सोपी वाट टाकीखालच्या कपाटातील सम्पमधून, तीही वीज गेल्यावर, उघडते. सम्प म्हणजे वरच्या टाकीतून उतरणारे पाणी जमा होणारी खालची टाकी, तिथून पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप थांबला की पाणी वर चढवणारी नळीच सायफन होऊन उलटी वाहू लागते आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद टाकीत एक सेंटिमीटरचा थर म्हणजे ७.२ लिटर पाणी. नळीचे तोंड ५ सेंटिमीटर खोल असेल, तर ३६ लिटर खाली येणार, नळ्यांमधले वेगळेच. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडले, तर हवा शिरून सायफन तुटतो, मात्र शेवाळाने ते बुजते, म्हणून नियमित साफ करावे लागते. पाणी उलटे वाहू न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर एकट्यावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. एखादी इवलीशी गोगलगायही त्याची झडप अर्धवट उघडी ठेवू शकते. त्यापेक्षा मासे सोडण्यापूर्वीच पंप मुद्दाम बंद करावा, सम्पमधले पाणी कुठवर चढते ते पाहावे आणि पंप चालू असतानाच्या सुरक्षित पातळीची खूण काचेवर करावी.

याच्या उलट, खाली उतरणारी नळी चोंदली, तर पंप आपल्या कप्प्यातले सगळे पाणी वर ढकलतो. तो कप्पा लहान ठेवावा आणि उतरणीची दुसरी, एरवी कोरडी राहणारी नळी बसवावी.

बाष्पीभवनाची भर आपोआप घालणारा फ्लोट अडकला, तर पूर येतोच, शिवाय क्षारता घसरून प्रवाळ संकटात येतात. म्हणून त्याला आरओची नळी थेट जोडू नये. सम्प सहज सामावून घेईल एवढ्याच पाण्याचा डबा जोडावा.

सांध्यांवर मिठाचा पांढरा थर दिसला, तर तो पुसून पुन्हा उमटतो का, हे पाहावे. उमटल्यास तिथे पाणी झिरपत आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. प्लगपाशी येणारी वायर आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. जमिनीवर पाणी दिसलेच, तर त्यात पाऊल टाकण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.