१५–०: लुईझियाना स्टेटचा २०१९ चा हंगाम

लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०१९ चा हंगाम: पंधरा सामने, पंधरा विजय, ७२६ गुण. आदल्या वर्षी या संघाने तेरापैकी दहा सामने जिंकले होते. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, तेव्हाही जो बरोच होता. पण २०१८ मध्ये त्याचे टचडाउन पास, म्हणजे थेट सहा गुण मिळवून देणारे पास, होते १६, आणि २०१९ मध्ये ६०.

बदलली ती आक्रमणाची रचना. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून आलेला जो ब्रेडी आणि अनुभवी स्टीव्ह एन्समिंगर या प्रशिक्षकांनी रनिंग बॅकलाही (एरवी चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) पास झेलायला पुढे पाठवायला सुरुवात केली. पाच जण एकदम सुटले की बचावफळीला मैदानभर पांगावं लागतं. पण मग क्वार्टरबॅकला सांभाळायला उरतात फक्त पाच लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले रक्षक. चेंडू झटपट हातातून सुटला नाही, तर बरो आडवा झालाच. अशा घाईतही त्याचे ७६.३ टक्के पास पूर्ण झाले. हंगामातला सर्वांत थोर आकडा आमच्या मते हाच.

७ सप्टेंबर, ऑस्टिन. टेक्सासविरुद्ध आघाडी फक्त सहा गुणांची, अडीच मिनिटं बाकी. तिसरा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांतला तिसरा; गरज १७ यार्डांची. इथे बहुतेक संघ चेंडू घेऊन धावतात आणि घड्याळ चालू ठेवतात. बरोने दबावातून वाट काढत जस्टिन जेफरसनला पास दिला: ६१ यार्ड, टचडाउन. अखेर ४५–३८.

६६–३८, ६५–१४ अशा निकालांवर नजर आधी जाते. खरी कसोटी लागली ती २६ ऑक्टोबरला, ऑबर्नविरुद्ध. ऑबर्नने अनेकदा तिघांनाच क्वार्टरबॅकवर सोडलं आणि आठ जण मागे ठेवले. पासच्या वाटा बुजल्या. यावर उतारा एकच: समोर माणसं कमी, तर धावा. रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने १३६ यार्ड काढले. २३–२०, एलएसयूची हंगामातली सर्वांत कमी गुणसंख्या आणि सर्वांत निसटता विजय.

९ नोव्हेंबरला अलाबामा, ४६–४१. २०११ नंतर अलाबामावरचा पहिलाच विजय. पुढच्याच आठवड्यात ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाचा संघ) धावत्या क्वार्टरबॅकने बचाव उघडा पाडला. सामना ५८–३७ असा जिंकला खरा, पण चेंडू घेऊन धावणाऱ्यांना ४०२ यार्ड दिले. दुरुस्ती लवकर झाली: टेक्सास ए अँड एमला ७ गुण, आणि एसईसीच्या (एलएसयू खेळतो ती साउथईस्टर्न कॉन्फरन्स) अंतिम सामन्यात जॉर्जियाला अवघे १०.

ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य लढतीत बरोचे सात टचडाउन पास मध्यंतराआधीच झाले. ६३–२८.

१३ जानेवारी २०२०, न्यू ऑर्लिन्स. समोर सलग २९ सामने जिंकलेला क्लेमसन. एलएसयू १७–७ ने मागे. पण जमार चेसला लांब पास मिळत राहिले. त्याने एकट्याने २२१ यार्ड मिळवले. मध्यंतराला २८–१७, शेवटी ४२–२५. राष्ट्रीय विजेतेपद.