पाटी उतरली की काय काय उतरतं?

नमस्कार. विषय आहे ‘पद आणि बिरुदांपलीकडचा मी’. दिलेल्या वेळेतला बराचसा वेळ वक्त्याची पदं आणि बिरुदं वाचून दाखवण्यात गेला, त्याबद्दल आयोजकांचे आभार. विषयाची प्रस्तावना आयतीच झाली. (हशा)

शेवटी तुम्हाला कागद-पेन घेऊन करायची एक कृती सांगणार आहे. त्याआधी मात्र ऑस्ट्रियातल्या एका गावात जाऊन यायचंय. ही माझी आवडती वाट आहे, त्यामुळे थोडी रेंगाळेन.

गावाचं नाव मारिएनथाल. व्हिएन्नाजवळचं, एका कापड गिरणीवर जगणारं. 1929-30च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे गेले. 1933 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या मुलाखती घेऊन ते थांबले नाहीत. रस्त्यावरून माणसं किती वेगानं चालतात, किती वेळा थांबतात, हेसुद्धा त्यांनी मोजलं. पुरुष मुंगीच्या पावलांनी चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायका त्यांच्याहून भरभर. का? कारण गिरणी बंद झाली तरी चूल, धुणं, मुलं बंद झाली नव्हती. बायकांचा पगार गेला, दिवस गेला नाही. पुरुषांचे दोन्ही गेले.

वेळ तर बख्खळ होता. मग वाचनालयात गर्दी झाली असेल, असं आपल्याला वाटतं. झालं उलटंच. पुस्तकं फुकट मिळू लागली, तरी ती नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. संशोधकांनी त्यांना दिवसाचा तक्ता भरायला दिला. एकानं लिहिलं, की बायको विचारते काय शिजवू; तो प्रश्न टाळायला मी शेताकडे निघून जातो. (हशा) हसा, पण पुढचा रकाना ऐका. तिथे एवढंच आहे, की तेवढ्यात दुपार होते.

‘रिटायर झालो की भरपूर वाचणार’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय. पहिल्या रांगेत दोघे-तिघे दिसताहेत.

याहोडांनी पुढे यातून एक मांडणी केली. नोकरी पगार देते ते उघडच आहे. त्याखेरीज ती न सांगता पाच गोष्टी पुरवते: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्या एकट्यापेक्षा मोठ्या कामात वाटा, समाजात एक जागा, आणि मनात असो-नसो हातपाय हलवायला लावणारी सक्ती. पद हे यातल्या चौथ्याचं नुसतं नाव आहे. आपण मात्र ‘स्वतःचा शोध’ म्हटलं की डोळे मिटून आत बघायला लागतो. माझा हट्ट असा, की पदापलीकडचा मी आत सापडत नाही. उरलेल्या चार गोष्टी कुठून येतात हे बदललं, की तो आपोआप दिसायला लागतो.

अध्यक्षांनी खूण केलीय, म्हणजे कृती आता पळत पळत. (हशा)

मॅनफर्ड कून आणि टॉमस मॅकपार्टलँड यांची ही 1954ची चाचणी. कागदावर एक ते वीस आकडे लिहा. प्रश्न एकच: मी कोण? बारा मिनिटांत वीस उत्तरं. स्वतःलाच सांगताय असं समजून लिहा; क्रम, महत्त्व याचा विचार नको. आधी इंजिनिअर, मुलगी, अमुक धर्माची अशी सगळ्यांना ठाऊक असलेली उत्तरं येतात. ती संपली की पेन अडतं. तिथे उठू नका, कागद तिथून पुढे उपयोगाचा होतो.

तिथेच घोटाळेही होतात. अडलं की लोक प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ असं लिहू लागतात. ही तर मुलाखतीत सांगायची विशेषणं! प्रत्येकापुढे गेल्या महिन्यात केलेली एक गोष्ट लिहा. आठवली नाही तर विशेषण खोडा. नाती मात्र खोडू नका, ‘आई’ हे काही व्हिजिटिंग कार्ड नव्हे. दुसरा घोटाळा म्हणजे एक पाटी काढून दुसरी लावणं. मॅनेजरचा ‘मॅरेथॉनपटू’ झाला आणि गुडघा गेला, की गाडी पुन्हा शून्यावर.

मग कागद उलटा करा. याहोडांच्या पाच गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती आज कुठून मिळते ते लिहा. चार ठिकाणी ‘ऑफिस’ आलं, तर एकच गोष्ट बाहेर हलवा. सुरुवात चौकटीपासून: आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि आपण गेलो नाही तर विचारणा करणारं कुणीतरी. ही तिसरी अट गाळली की तिसऱ्या आठवड्यात सगळं बारगळतं. काम असं निवडा, की तिथे तुम्ही नवशिके असाल. ऑफिसातले सहकारी बरोबर नेऊ नका. ते तिथेही ‘सर’ म्हणतील. आणि पहिले सहा महिने तिथलं सचिवपद घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी! (हशा)

पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी 1987 साली दाखवलं होतं, की स्वतःचे वेगवेगळे, एकमेकांत न मिसळलेले पैलू असलेल्या माणसाला ताण कमी बाधतो. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. म्हणून पैलू मोजत बसू नका. चार छंद लावून घेतले आणि चारही ऑफिसच्या क्लबातच असले, तर नोकरीबरोबर ते एकदमच जातात.

तीन महिन्यांनी वीस ओळी पुन्हा लिहा. जुना कागद आधी बघू नका, नाहीतर त्याचीच नक्कल उतरते. दोन्ही शेजारी ठेवून फक्त पहिल्या पाच ओळी ताडून बघा.