दारात आलेला बोका

(दृश्य: पहाटेचा अंधार. अर्धवट उघडलेलं दार, उंबरठ्यावर पडलेली उजेडाची पट्टी.)

पहाटे दारापाशी आवाज आला. नेहमीचं म्याव नव्हतं ते. घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी, तसं काहीतरी होतं. दार उघडलं, तर उंबरठ्यावर आमचा पट्टेरी बोका. नऊ दिवस बेपत्ता होता.

त्या नऊ दिवसांत आम्ही त्याचे फोटो जागोजागी चिकटवले होते. रात्री टॉर्च घेऊन उभ्या गाड्यांखाली वाकून पाहिलं होतं. आणि आता तो समोर उभा होता. मी त्याला झटकन उचलून छातीशी धरलं, आणि तो किंचाळला. ती किंचाळी अजून माझ्या कानात आहे.

ही फिल्म त्या किंचाळीनंतरच्या तासांची आहे.

(दृश्य: मांजराच्या छातीची हालचाल, जवळून. बाकी सगळं स्थिर.)

मांजर परत आलं की आपले हात शिवशिवतात. त्याला उचलावं, कुरवाळावं, धुवून स्वच्छ करावं, पोटभर खाऊ घालावं असं वाटतं. माया खरी असते, पण या पहिल्या पाच मिनिटांत हात आवरायला हवेत. शक्य असेल तर मांजराला आपल्या पायाने एका लहान खोलीत येऊ द्या, दारं-खिडक्या लावून घ्या आणि हातभर अंतरावर जमिनीवर बसा. मग फक्त बघा.

सगळ्यात आधी श्वास. शांत बसलेलं निरोगी मांजर मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतं. घड्याळ लावून छाती किती वेळा वर येते ते मोजा. विसावा घेत असतानाही आकडा ४० च्या वर जात असेल किंवा प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात असेल, तर पुढचं काहीही बघत बसू नका, निघा. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर तर दवाखान्यातच हवं, त्या क्षणी. कुत्रं दमलं की तसं करतं म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. मांजराच्या बाबतीत तो धोक्याचा इशारा आहे.

नंतर हिरड्या. वरचा ओठ बोटाने हलकेच उचलायचा, तोही मांजर करू देत असेल तरच. गुलाबी रंग हवा. पांढरटपणा रक्तस्रावाकडे किंवा रक्त कमी झाल्याकडे बोट दाखवतो, निळसरपणा प्राणवायू कमी पडल्याकडे, पिवळेपणा काविळीकडे. हिरडी बोटाला चिकट, कोरडी लागली, तर अंगातलं पाणी आटलं आहे.

आणि एक. मांजर गुरगुरतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. दुखत असतानाही मांजरं गुरगुरतात. आमचाही गुरगुरत होता.

(दृश्य: पंजा, अगदी जवळून. नखांची फाटलेली टोकं.)

हे नीट बघा. हा आमच्या बोक्याचा पुढचा पंजा. निरोगी मांजराचं नख काचेसारखं गुळगुळीत आणि टोकदार असतं. इथे टोक राहिलेलं नाही. दोरीचं टोक उसवावं तसे नखाचे पापुद्रे सुटलेत आणि त्यांच्यात बारीक खडी अडकली आहे. डॉक्टरांनी टेबलावर त्याला बघितलं आणि बाकी काही तपासण्याआधी पंजाच हातात घेतला. म्हणाले, "गाडीचा धक्का बसलाय याला." धक्का बसल्यावर मांजर फरफटतं आणि जीव वाचवायला नखांनी रस्ता धरून ठेवतं. अंगावर जखमेचा मागमूस नसला, तरी नखं सांगून जातात.

मांजर कुठे होतं, काय झालं, हे ते बोलून सांगणार नाही. पण त्याच्या अंगावर बरंच लिहिलेलं असतं. अंगावर धूळ आणि जाळी आहेत, बाकी ते धडधाकट आहे आणि पाण्यावर तुटून पडतंय, तर कुठल्यातरी बंद खोलीत अडकलं असावं. शेपटीच्या बुंध्याशी, गालावर किंवा पायावर कढत, टणक सूज असेल, तर बहुधा मारामारी. मांजराचा दात सुईसारखा असतो. तो कातडीला बारीक भोक पाडून जंतू आत सोडतो आणि वरचं भोक एक-दोन दिवसांत मिटून जातं. आत पू साचत राहतो. गळू वर दिसायला दोन ते पाच दिवस लागतात आणि तोवर मांजर नुसतं मलूल असतं. ते गळू घरी दाबून फोडू नका.

आमच्या बोक्याच्या कमरेचं हाड मोडलं होतं. तसल्या कमरेने तो चालत घरी आला होता, आणि मी त्याला पोटाखाली हात घालून उचललं होतं.

(दृश्य: वाटी. चमचाभर ओलं खाणं.)

आता खाण्याचं. इथे मी दुसरी चूक केली. वाटी काठोकाठ भरून ठेवली. त्याने ती दोन मिनिटांत संपवली आणि थोड्याच वेळात सगळं उलटून टाकलं.

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराने आपला कारभार बदललेला असतो. ते स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असतं. अशात एकदम भरपूर अन्न आलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण कोसळतं. त्याने स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. म्हणजे उपासाने न मेलेलं मांजर जेवणाने दगावू शकतं. म्हणून पाणी लगेच समोर ठेवा, आणि अन्न चमचाभर, काही तासांच्या अंतराने. लगेच दवाखान्यात जायचं असेल, तर खायला घालण्याआधी डॉक्टरांना फोनवर विचारा, भूल द्यायची वेळ येऊ शकते. दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात, आणि आधीच आटलेलं पाणी आणखी जातं.

याच्या उलट, मांजर तोंडच लावत नसेल तर? माणूस दोन-तीन दिवस जेवला नाही तरी निभावून जातं. मांजराचं तसं नाही. अन्न थांबलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती आवरत नाही आणि ते चरबीनेच भरून जातं. जाडजूड मांजरांना याचा धोका सर्वांत जास्त. तेव्हा घरी आल्यावर दिवसभरात काही खाल्लं नाही, तर "उद्या खाईल" म्हणून थांबू नका. बळजबरीने तोंडात ओतूही नका, घास श्वासनळीत जातो.

(दृश्य: औषधांचा डबा. एक हात झाकण बंद करतो.)

हा डबा बंदच राहू द्या. पॅरासिटामॉल आपल्याकडे मुलांनासुद्धा देतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकताच येत नाही. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. एका गोळीने मांजराचा जीव जाऊ शकतो. आयब्युप्रोफेनही नको. कुत्र्याच्या पिसवांचं औषध तर मुळीच नको, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे.

विषबाधेची शंका असेल, तर मीठ घालून उलटी करवू नका. उंदराच्या काही विषांनी रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि रक्तस्राव सुरू होतो तो काही दिवसांनी. तोवर मांजर बरं दिसतं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असेल, तर ओढू नका. आत आतडी त्या दोऱ्यावर आवळलेली असू शकतात.

कान आणि पंजे गार लागले, तर टॉवेलात गुंडाळून ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीला लावायची नाही. आंघोळ तर राहूच द्या. निरोगी मांजराचं अंग आपल्याहून गरम असतं, १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. हाताला कोमट लागणं म्हणजे ताप नव्हे.

बोका असेल, तर लघवीवर डोळा ठेवा. वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कण्हतो, आणि ट्रे कोरडाच. आपल्याला वाटतं बद्धकोष्ठ आहे. पण मूत्रमार्ग तुंबला असेल, तर विष अंगात साठतं आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतात. यात सकाळची वाट बघायची नसते.

(दृश्य: कॅरियरचं वरचं झाकण काढलं जातं. आत पसरलेला टॉवेल.)

नेताना कॅरियरचं वरचं झाकण सोडवा आणि मांजराला टॉवेलासकट अलगद आत ठेवा. दारातून ढकलू नका. ते घाबरलेलं आहे, चावलं तर त्याचा दोष नाही. चावा बसलाच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांकडे जा. बाहेर भटकून आलेल्या मांजराच्या बाबतीत रेबीजचा विचार करावाच लागतो. मांजराच्या लसींची नोंद सोबत न्या.

घरात दुसरं मांजर असेल, तर ते फिस्कारेल, अंगावरही जाईल. परतलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा, औषधांचा वास येतो आणि ते ओळखूच येत नाही. काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्या द्या.

(दृश्य: पिंजऱ्यात बसलेला बोका. दुपारचा उजेड.)

डॉक्टरांनी सहा आठवडे पिंजरा सांगितला. उडी नाही, जिना नाही. पहिले चार दिवस तो भिंतीकडे तोंड करून बसला. खायचा थोडंसं, पण अंग चाटायचा नाही. पाठीवरचे केस तसेच चिकटलेले, राठ. आजारी मांजर आधी हेच सोडतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी वाटी उचलायला वाकले, तेव्हा तो उजवा पंजा चाटत होता. तोच, फाटलेल्या नखांचा. चाटून ओला केला, कानामागून एकदा फिरवला आणि थकून तसाच झोपला.