भागीदारीतलं भुयार

दोस्त राष्ट्रं एकमेकांना गुपितं सांगतात, असं आपण सहज बोलून जातो. खरं तर ती हातचं राखूनच सांगतात. पण काही कामं अशी असतात की एकट्याच्याने ती उरकत नाहीत. बर्लिनचं भुयार हे तसलं काम होतं.

डिसेंबर १९५३. लंडनमध्ये अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची एमआय-सिक्स या गुप्तहेर संस्थांची बैठक बसली. पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत सैन्याचं बरंचसं महत्त्वाचं बोलणं जमिनीखालच्या केबलमधून चाले, आणि त्यातल्या तीन केबल बर्लिन शहरातल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागाच्या हद्दीला खेटून जात होत्या. अशा केबलना टॅप लावण्याचा, म्हणजे तारा जोडून चोरून ऐकण्याचा, अनुभव ब्रिटिशांना व्हिएन्नात मिळाला होता. पैसा आणि जागा अमेरिकेकडे. वाटणी ठरली. अमेरिकी विभागातल्या रुडो भागात अमेरिकनांनी गोदाम उभारायचं, ते रडार केंद्र असल्याचं भासवायचं, आणि तिथून पलीकडच्या सोव्हिएत हद्दीत साधारण साडेचारशे मीटर भुयार न्यायचं. शेवटची उभी विहीर खणणं आणि केबलला हात घालणं ब्रिटिशांकडे.

खणताना निघालेली तीन हजार टनांवर माती बाहेर नेली असती तर बोभाटा झाला असता. म्हणून गोदामाला अवाढव्य तळघर केलं आणि माती तिथेच रिचवली. गंमत म्हणजे सुरुवातीला भुयार त्यांच्याच संडासाच्या शोषखड्ड्याच्या पाण्यात शिरलं, मार्ग बदलावा लागला! केबल रस्त्याखाली जेमतेम दोन-अडीच फुटांवर होत्या. तिथे ब्रिटिश तंत्रज्ञ अंग चोरून एकेक तार जोडत होते. मे १९५५ मध्ये टॅप सुरू झाले. ध्वनिमुद्रित संभाषणांचं काम लंडनला, टेलिप्रिंटरवरच्या मजकुराचं वॉशिंग्टनला.

आता मेख ऐका. त्या लंडनच्या बैठकीचं टिपण घेणारा एमआय-सिक्सचा अधिकारी होता जॉर्ज ब्लेक. कोरियात कैदेत असताना तो सोव्हिएतांना जाऊन मिळाला होता. जानेवारी १९५४ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसमध्ये, वरच्या मजल्यावर, त्याने टिपणाची प्रत सोव्हिएत गुप्तहेर खात्याच्या, केजीबीच्या, कोंद्राशेवच्या हातात ठेवली. म्हणजे कुदळ पडायच्या आधीच मॉस्कोला सगळं ठाऊक!

मग त्यांनी भुयार होऊ का दिलं? ब्लेकसाठी. केबलवरचं बोलणं एकदम बंद केलं असतं तर लंडनला घरभेद्याचा वास आला असता. म्हणून केजीबीने खुद्द आपल्या लष्करालाही काही सांगितलं नाही. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. इकडे दोन देश एकाच भुयारात राबत होते, आणि तिकडे एकाच देशाचं गुप्तहेर खातं सेनेपासून गुपित राखून होतं. सोव्हिएत अधिकारी निर्धास्त बोलत राहिले. तुकड्यांची रचना, बाल्टिक आरमाराच्या हालचाली, अणुकार्यक्रमातली माणसं, असं पुष्कळ काही हाती लागलं.

एप्रिल १९५६ मध्ये धो धो पाऊस झाला, केबल बिघडल्या आणि सोव्हिएतांना दुरुस्तीचा आयता बहाणा मिळाला. २२ एप्रिलच्या पहाटे भुयार 'सापडलं'. मॉस्कोने पत्रकारांना आत फिरवलं आणि अमेरिकेवर तोफ डागली. यंत्रांवर ब्रिटिश खुणा होत्या, तरी ब्रिटनचं नाव मात्र गाळलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्या आठवड्यात ब्रिटनच्याच दौऱ्यावर होते ना! यजमानाची अब्रू कोण काढणार?

अकरा महिन्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून संपायला १९५८ उजाडलं. १९६१ मध्ये ब्लेक पकडला गेला, तेव्हा सीआयएच्या पोटात गोळा आला: आपल्याला खोटंच तर ऐकवलं नाही? जुना मजकूर पुन्हा तपासला. निष्कर्ष निघाला की माल अस्सल होता. ब्लेकला बेचाळीस वर्षांची शिक्षा झाली, पण १९६६ मध्ये तो तुरुंगाची भिंत ओलांडून पळाला आणि पुढे मॉस्कोत २०२० पर्यंत जगला.