बोटावरचा तंगूस

(पहाटेचा कर्लीचा काठ. काही क्षण फक्त पाण्याचा आवाज.)

देवबाग, तालुका मालवण. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं, वाळत घातलेली जाळी. इथे सूर्य नदीच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो.

होडीपाशी तीन कुटुंबं जमली आहेत. कोल्हापूरचं, पुण्याचं आणि डोंबिवलीचं. कालपर्यंत एकमेकांना पाहिलेलंही नाही. अख्खी होडी एकट्याने घेणं महाग पडतं, म्हणून खर्च तिघांत. मासे गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, कुणालाच येत नाही. कोल्हापूरच्या काकांनी पंचगंगेत गळ टाकलेला आहे, पण तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ते धरत नाही.

आधी लाइफ जॅकेट. मुलांचे पट्टे तांडेल स्वतः ओढून बघतो.

एवढ्या पहाटे का निघायचं? वाऱ्यामुळे. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहत राहते. तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. दुपारकडे खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि शहरातल्या पोटांना बोट लागते. म्हणून अकराच्या आत परत. (आमच्या कॅमेरावाल्याला आठलाच लागली. डोळे काचेतून काढून क्षितिजावर लाव, असं त्याला सांगितलं, तेव्हा कुठे तो सावरला.)

हेही हंगामातच. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ. उत्तरेला मालवणपर्यंत जायचं नाही, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे.

(होडी थांबते. इंजिन बंद.)

किनाऱ्यावरचं एक सुरूचं झाड आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, तशी तांडेलाने नांगर टाकली. खाली खडक आहे. पाणी सहा वाव, म्हणजे साधारण छत्तीस फूट.

रॉड नाही, चक्री नाही. लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, वर दोन गऱ्या, गरीला सोललेल्या कोळंबीचा तुकडा. शिसं तळाला टेकलं की तंगूस सैल पडतो. मग हातभर वर घ्यायचा आणि तर्जनीवर ठेवून बसायचं. शिकायचं ते एवढंच, पण याला अख्खी सकाळ लागते. बोटाला पहिल्यांदा जे जाणवतं ती लाट असते. मग खडक. मग पुन्हा लाट. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनी मिळून समुद्राचा तळ चार वेळा पकडला.

डोंबिवलीची नऊ वर्षांची मुलगी एकदम ताठ बसते. टुक. टुक. ती ओढणार, तोच तांडेल म्हणतो, “थांब गो बाय, खाऊंदे तेका.”

ती थांबते. तंगूस ताणला जातो. आता.

वर येतो गोबरा, वीतभरही नाही. तांडेल ओल्या हाताने गरी सोडवतो आणि मासा परत पाण्यात. २०२३मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला, पण तांडेल पट्टी काढत नाही, आपला पंजा बघतो. मुलीचे डोळे भरतात. पंधरा मिनिटांनी तिलाच तांबोशी लागते, चांगली किलोभराची, आणि होडीतली माणसं तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

काकांना लागतं केंड. वर येताच फुगून चेंडू होतं. मुलं खूश, काका नाहीत. ते खायचं नसतं, विषारी. शेंगटी आली तर कुणीच हात लावायचा नाही. तिचा काटा लागला की ठणका दिवसभर उतरत नाही. ती तांडेल चिमट्याने सोडवतो.

(पुन्हा देवबागची वाळू.)

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. तोच रिवाज इथे. तांडेल वाळूवर चार वाटे घालतो, तीन कुटुंबांचे आणि एक होडीचा. कुणाच्या गरीला काय लागलं, हे आता कुणी विचारत नाही. मग तो मुलीला पाठमोरी उभी करतो आणि एका वाट्यावर बोट ठेवतो.

“ह्यो वाटो कोणाचो?”

तांबोशी त्याच वाट्यात आहे. तिला ते दिसत नाही.

“काकांचा,” ती म्हणते.